माधवीलता की मधुमालती? शाहूवाडीच्या रानातील वेलीची ओळख आणि कोल्हापुरात तिची लागवड

रंकाळाकाठ | 6 मार्च 2022

सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी मामांच्या गावी गेले होते. गाव शाहूवाडी तालुक्यात, आंबा घाटाच्या अलीकडे आहे. शेताच्या वरच्या बांधाला लागून एक जुने जांभळाचे झाड आहे आणि त्या झाडाच्या अर्ध्या उंचीपर्यंत चढलेली एक वेल त्या दिवशी पांढऱ्या फुलांनी ओथंबलेली होती. झाड दिसण्याआधी वासच आला. तो मोगऱ्यासारखा जड नव्हता. त्यात थोडा फळाचा गोडवा होता आणि उन्ह चढले तसा तो वाढत गेला.

फूल साधारण रुपयाच्या नाण्याएवढे आहे. पाकळ्या पाच असून त्यांच्या कडा कुणी बारीक कात्रीने कातरल्यासारख्या, झालरीच्या आहेत. चार पाकळ्या पांढऱ्या, किंचित गुलाबी झाक असलेल्या आहेत, मात्र पाचवीच्या मध्यावर हळदीचे बोट उमटवावे तसा पिवळा डाग आहे. पाने समोरासमोर, जाड आणि चकचकीत आहेत, तर कोवळी पालवी तांबूस आहे. मामींनी तिला ‘हळदवेल’ म्हटले. गावातील दुसऱ्या एका आजींनी ‘माधवी’ हे नाव सांगितले.

माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. दोन वर्षांपूर्वी मी शहरालगतच्या एका रोपवाटिकेतून ‘माधवीलता’ म्हणून एक रोप आणले होते. ते आमच्या फाटकावर छान वाढले आहे, पण त्याची फुले लांब नळीची आणि गुलाबी-लाल असून मामांच्या बांधावरील फुलांशी त्यांचे काहीही साम्य नाही. या दोन्हींपैकी खरी माधवी कोणती? आणि बांधावरची वेल कोल्हापुरात, आमच्या रंकाळ्याजवळच्या अंगणात वाढू शकेल का? छायाचित्रे जोडली आहेत.

वनस्पती_गुरुजी | 6 मार्च 2022

ताई, छायाचित्रे अतिशय स्पष्ट आहेत, त्याबद्दल आभार. मामांच्या बांधावरील वेल हीच माधवी होय. तिचे शास्त्रीय नाव हिप्टेज बेंगालेन्सिस असून ती माल्पिघिएसी या कुळातील आहे. आपल्या फाटकावरील वेल ही मधुमालती, म्हणजे कॉम्ब्रेटम इंडिकम. जुन्या पुस्तकांत ती क्विस्क्वॅलिस इंडिका या नावाने सापडते आणि इंग्रजीत तिला रंगून क्रीपर म्हणतात. तिचे कुळ अर्जुन आणि ऐन यांचे आहे. थोडक्यात, या दोन वेलींचे एकमेकींशी दूरचेही नाते नाही.

घोटाळ्याचे मूळ नावांत आहे. काही जुन्या याद्यांमध्ये हिप्टेजच्या मराठी नावांत ‘मधुमालती’ हेही नाव दिलेले आढळते, आणि मग माधवी व मधुमालती ही एकाच वेलीची नावे असावीत असा समज होतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे की आधी फूल हातात घ्या, नावाचे पुढे पाहू.

मधुमालतीचे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे लाल होत जाते. त्यामुळे एकाच झुबक्यात तिन्ही रंग एकत्र दिसतात. तिच्या फुलाची नळी बारीक आणि बोटभर लांब असते आणि झुबका खाली लोंबतो. माधवीच्या फुलाला अशी नळी नसतेच. तिची पाचही दले उघडी, मागे वळलेली आणि रेशमी लव असलेली असतात. पुंकेसर दहा असतात, पण त्यांतला एक बाकीच्या नऊंपेक्षा ठळकपणे लांब व बाकदार असतो. हा लांब केसर दिसला की बहुतेक शंका मिटते.

चढण्याची रीतही निराळी आहे. माधवीचा कोवळा शेंडा आधाराभोवती स्वतः वेढे घेत जातो. मधुमालतीच्या पानांचे देठ गळाले की त्यांचा खालचा भाग टणक काट्यासारखा खोडावर राहतो आणि त्या आकड्यांच्या आधाराने ती फांद्यांमधून वर सरकते. फाटकावरच्या वेलीच्या जुन्या खोडावरून बोट फिरवून पाहा, हे काटे हाताला लागतील.

आणखी एक खूण तपासावी अशी विनंती आहे. माधवीच्या फुलाच्या मागच्या बाजूला, हिरव्या निदलांच्या बुडाशी, एकच मोठी, फुगीर, मांसल ग्रंथी असते आणि ती थोडी देठावरही उतरलेली असते. आपल्या छायाचित्रांत फुलांची फक्त समोरची बाजू आली आहे.

रंकाळाकाठ | 13 मार्च 2022

गुरुजी, आज मामांकडे पुन्हा जाऊन आले. ग्रंथी आहे. नखाच्या टोकाएवढी, फिकट हिरवी, मेणासारखी तुकतुकीत. त्यावर दोन काळ्या मुंग्या अगदी मन लावून बसल्या होत्या.

भिंग नेले होते, म्हणून आणखी एक गोष्ट दिसली. एकाच घोसातील फुले ओळीने पाहत गेले तर काही फुलांत मधला स्त्रीकेसराचा दांडा डावीकडे वळलेला आहे आणि काहींत उजवीकडे. आधी वाटले, वाऱ्याने वळला असेल. पण बारा फुले पाहिली तेव्हा सात डावी आणि पाच उजवी निघाली, सरळ एकही नाही. याचा काही अर्थ आहे का?

फाटकावरच्या वेलीचे काटेही सापडले. दोन वर्षे रोज तिला पाणी घालते आहे, पण खोडाला कधी हात लावून पाहिला नव्हता.

वनस्पती_गुरुजी | 13 मार्च 2022

आपण पाहिलेली गोष्ट खरी आहे आणि ती शोधनिबंधांतही नोंदलेली आहे. अशा फुलांना आरशातील प्रतिबिंबासारखी फुले म्हणतात. डाव्या वळणाचे फूल आणि उजव्या वळणाचे फूल जणू एकमेकांची प्रतिबिंबे असतात. मधमाशी फुलावर बसते तेव्हा एका प्रकारच्या फुलात स्त्रीकेसर तिच्या अंगाच्या एका बाजूला टेकतो, दुसऱ्या प्रकारात दुसऱ्या बाजूला. त्यामुळे परागकण एका प्रकारच्या फुलावरून दुसऱ्या प्रकारच्या फुलावर पोहोचण्याची शक्यता वाढते. माधवीच्या फुलांवर येणाऱ्या कीटकांत आग्या मोहोळाच्या माश्यांचे काम सर्वांत महत्त्वाचे मानले जाते. सकाळी वेलीखाली उभ्या राहिलात तर त्यांचा गुंजारव ऐकू येईल, मात्र अंतर राखावे.

ग्रंथीतून गोड रस पाझरतो आणि मुंग्या त्यासाठीच येतात.

नावाविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. लिनियसने 1753 मध्ये या वेलीला बॅनिस्टेरिया बेंगालेन्सिस म्हटले. पुढे गार्टनर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला हिप्टेज ही स्वतंत्र प्रजाती दिली आणि जातीचे नाव ठेवले ‘मदब्लोटा’. हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. आपल्या माधवीलतेचाच तो युरोपीय कानांनी ऐकलेला उच्चार आहे. हिप्टेज हा शब्द उडण्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. त्याचा संबंध फळाशी आहे, आणि ते फळ आपल्याला एप्रिलमध्ये पाहायला मिळेल.

भोगावतीकाठ | 14 मार्च 2022

गुरुजींना आणि ताईंना नमस्कार. मी राधानगरी तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्या भागात ही वेल ओढ्याकाठी आणि दाट झाडीच्या कडेला असते. लहानपणापासून पाहत आलो आहे, पण तिचे नाव कधी कुणी सांगितले नव्हते. जुन्या वेलीचे खोड मनगटापेक्षा जाड होते आणि तिला वेल म्हणावे की झाड असा प्रश्न पडतो. आधार मिळाला नाही तर ती पसरट झुडपासारखी वाढते, हेही मी पाहिले आहे.

एक सूचना कळकळीने करतो. हा धागा वाचून कुणी अभयारण्यातून रोपे किंवा फांद्या आणू नयेत. राधानगरी अभयारण्यात रोप उपटणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. देवराईतून तर काडीही उचलू नये, ती आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती योग्यच आहे. ताईंच्या मामांची वेल खासगी बांधावर आहे, तिथून बी घेण्यास कुणाची हरकत असणार नाही. अशा बांधावरच्या वेली शोधल्या तर बऱ्याच सापडतील. बांध साफ करताना लोक त्या तोडून टाकतात, कारण तिची किंमत माहीत नसते.

पन्हाळगड_पायवाट | 17 एप्रिल 2022

हा धागा वाचून मी पन्हाळ्याच्या उतारावर माधवी शोधण्यास गेलो होतो. सोबतच्या छायाचित्रातील वेल पांढऱ्या, सुवासिक फुलांची आहे, पानेही समोरासमोर आहेत. हीच का ती?

वनस्पती_गुरुजी | 17 एप्रिल 2022

नाही, ही कुसर आहे, म्हणजे रानातील मोगऱ्याच्या जातीची वेल, जास्मिनम मलबारिकम. पाकळ्या मोजाव्यात. त्या पाचांहून अधिक, अरुंद आणि टोकदार आहेत. कडेला झालर नाही आणि पिवळा डागही नाही. खाली बारीक नळी आहे. कुसर उन्हाळ्याच्या तोंडावर घाटात सर्वत्र फुलते, त्यामुळे ही गफलत नेहमी होते.

याच दिवसांत उक्षीही फुललेली दिसेल. तिचे घोस दुरून फिकट हिरवट-पिवळे, कागदासारखे दिसतात, आणि फुलांचे निदल फळाला पंखासारखे चिकटून राहतात. उक्षीच्या खोडात उन्हाळ्यातही पाणी असते आणि रानात फिरणारी माणसे ते पितात. पिसासारखे शेपूट असलेल्या फळांचे पांढरे पुंजके दिसले तर ती रानजाई, म्हणजे क्लेमॅटिस. तिची पाने संयुक्त असतात आणि पानांचे देठच आधाराला विळखा घालतात. या चारही वेली शेजारी ठेवून पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही.

रंकाळाकाठ | 24 एप्रिल 2022

फळे तयार झाली आहेत! प्रत्येक फळाला तीन पंख आहेत, मधला लांब, साधारण दोन इंचांचा, आणि बाजूचे दोन त्याच्या निम्म्याएवढे. कच्ची असताना ती तांबूस-हिरवी होती, आता तपकिरी आणि कागदी झाली आहेत. मामांच्या नातवाने माळ्यावरून एक मूठ उधळली तेव्हा प्रत्येक फळ भोवऱ्यासारखे गरगरत खाली आले. गुरुजींनी सांगितलेला उडण्याचा अर्थ डोळ्यांनी पाहिला.

साठ-सत्तर फळे गोळा करून कागदी पिशवीत ठेवली आहेत. आता पुढे काय करावे, ते जाणकारांनी सविस्तर सांगावे. आमच्या अंगणात पूर्वेचे ऊन दुपारी एकपर्यंत असते. माती काळी आहे आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते.

रोपमळा | 25 एप्रिल 2022

मी लहान प्रमाणावर रोपे तयार करतो आणि गेली काही वर्षे माधवीही लावतो आहे, म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहितो. आधी रोपवाटिकांच्या बाजूने एक कबुली. मधुमालतीचे छाट सहज जगतात, ती लवकर फुलते आणि तिला मागणी असते. माधवी सावकाश वाढते, बियांपैकी बरीच पोकळ निघतात, आणि गिऱ्हाईक पहिल्याच वर्षी फूल मागते. ‘माधवीलता’ या नावाने दुसरीच वेल विकली जाते त्यामागे काही ठिकाणी अज्ञान असते, काही ठिकाणी ही अडचण. दोन्ही समर्थनीय नाहीत. रोप घेताना फूल नसेल तर खोडावरचे काटे पाहावेत.

आता बियांविषयी. बी ताजेच पेरावे, वर्षभर ठेवू नये. पंख कात्रीने कापावेत आणि मधला फुगीर भाग बोटांत दाबून पाहावा. जो चेपतो तो पोकळ असतो, टणक लागतो तेवढाच घ्यावा. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी पेरावे. मातीत दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेले जुने शेणखत असावे. बी बोटाच्या पेराएवढे खोल ठेवावे आणि पिशव्या सावलीत ठेवाव्यात. माती ओलसर असावी, चिखल होऊ देऊ नये. अंकुर एकाच दिवशी येत नाहीत, मागेपुढे उगवतात, त्यामुळे दोन महिने तरी पिशव्या रिकाम्या करू नयेत.

बियांपासूनच्या वेलीला फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. ज्यांना लवकर फूल हवे आहे त्यांनी गुटी कलम करावे. जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर, मूळ वेलीवरची पेन्सिलीएवढी जाड, मागच्या वर्षीची, निरोगी फांदी निवडावी. एका पेराखाली इंचभर रुंदीची साल गोल काढून टाकावी आणि आतील चिकट थर चाकूच्या पाठीने खरवडावा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटत नाहीत. नव्या माणसाचे कलम बहुधा इथेच फसते. जखमेभोवती भिजवून पिळलेले शेवाळ मुठीएवढे गुंडाळून त्यावर पारदर्शक प्लास्टिक दोन्ही टोकांना घट्ट बांधावे. सहा ते आठ आठवड्यांत पांढरी मुळे प्लास्टिकमधून दिसू लागतात. ती तपकिरी होऊ लागल्यावर फांदी कापावी, निम्मी पाने काढावीत आणि कलम महिनाभर सावलीत सांभाळावे.

आपल्या काळ्या मातीसाठी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा आणि तळाशी विटांचे तुकडे व मुरूम यांचा अर्धा फूट थर द्यावा. काढलेली माती तशीच परत भरू नये, तिच्यात निम्मी लाल माती व शेणखत मिसळावे. लागवडीची जागा भोवतीच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच ठेवावी. घाटात या वेलीला पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतो, पण तिथे ती उतारावर, जांभ्याच्या निचऱ्याच्या मातीत उभी असते. पाऊस तिला चालतो, पाय पाण्यात बुडालेले चालत नाहीत.

सागरमाळ_गच्ची | 27 एप्रिल 2022

माझा अनुभव लिहितो, कारण माझी चूक दुसऱ्या कुणी करू नये असे मनापासून वाटते. माझी माधवी गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये पाच वर्षांपासून आहे. वेल निरोगी होती, पण सलग दोन वर्षे एकही कळी आली नाही. खत वाढवले, जागा बदलली, औषधेही मारली. शेवटी एका जाणत्या माळीकाकांनी विचारले, “छाटणी केव्हा करता?” मी दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत तिची कोवळी, लांब गेलेली टोके कापत असे.

त्यांनी समजावले की माधवीचा मोहोर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच टोकांवर येतो जी पावसाळ्यात वाढून हिवाळ्यात पिकलेली असतात. म्हणजे दरवर्षी दिवाळीला मी पुढच्या वसंतातली फुलेच कापून टाकत होतो. त्यानंतर कात्री फक्त मेच्या सुरुवातीला, फळे गळाल्यावर, हातात घेतो. यंदा मार्चमध्ये चौदा घोस आले.

दुसरी गोष्ट युरियाची. युरिया घातलेल्या वर्षी पाने तळहाताहून मोठी झाली आणि फूल आले नाही. आता वर्षातून दोनदा शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड एवढेच देतो.

पन्हाळगड_पायवाट | 29 एप्रिल 2022

एक शंका आहे. ही वेल परदेशात आक्रमक ठरल्याचे वाचनात आले. मग ती शहरात लावणे योग्य ठरेल का?

वनस्पती_गुरुजी | 30 एप्रिल 2022

प्रश्न अत्यंत रास्त आहे. मॉरिशस, रियुनियन, ऑस्ट्रेलियाचा काही भाग आणि अमेरिकेतील फ्लोरिडा इथे माधवी बाहेरून नेली गेली आणि तिने तिथल्या मूळ झाडीला झाकोळून टाकले. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत तिचे नाव आहे. या यादीतील ‘परक्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तिथे ती परकी आहे, आपल्या सह्याद्रीत ती घरची आहे. इथे तिची पाने खाणाऱ्या अळ्या आहेत, तिच्यासोबत वाढलेली झाडे आहेत आणि कोरडा उन्हाळा आहे.

तरीही तिच्या बळाचा मान राखावा लागतो. तिला डाळिंब, पेरू किंवा लिंबाच्या झाडावर चढवू नये, ती त्यांचे ऊन हिरावून घेईल. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना बी पाठवू नये, ही विनंती मी मुद्दाम करतो. कमान करावयाची असेल तर बांबूच्या काड्या पुरणार नाहीत. दीड इंची लोखंडी नळ्यांची कमान हवी आणि तिचे पाय सिमेंटमध्ये बसवलेले असावेत, कारण दहा वर्षांनी खोड लाकूड होते आणि मग आधार बदलता येत नाही.

रंकाळाकाठ | 10 जुलै 2022

पेरणीचा हिशेब देते. सत्तर फळांतून टणक निघाली एकतीस. 1 मे रोजी पेरली. पहिला अंकुर तेविसाव्या दिवशी दिसला, शेवटचा मागच्या आठवड्यात. एकूण बारा रोपे आहेत. पहिली दोन पाने तांब्याच्या रंगाची आणि इतकी मऊ लव असलेली असतात की बोट लावायलाही धीर होत नाही.

आज मामांच्या वेलीवर तीन गुट्या बांधल्या. पाऊस इतका होता की मामा डोक्यावर घोंगडे धरून उभे होते आणि मी साल काढत होते.

रंकाळाकाठ | 18 सप्टेंबर 2022

तीनपैकी दोन गुट्यांना मुळे आली. तिसरीत साल पुन्हा जुळून आली होती, रोपमळा यांनी सांगितले होते तेच घडले. चिकट थर मी नीट खरवडला नव्हता. एक कलम आमच्या अंगणासाठी ठेवले, दुसरे शेजारच्या काकूंना दिले.

रंकाळाकाठ | 6 ऑगस्ट 2023

मदत हवी आहे. अंगणातील कलम कमानीच्या निम्म्यापर्यंत पोहोचले आहे, पण काही पाने कडेने दुमडून पुंगळीसारखी शिवलेली दिसतात. उघडले तर आत अळी होती. फवारणी करावी का?

वनस्पती_गुरुजी | 6 ऑगस्ट 2023

कृपया करू नये. ‘ऑलेट’ गटातील काही फुलपाखरांच्या अळ्या माधवीच्या पानांवर वाढतात. ही चपळ, जाड अंगाची, पहाटे व सायंकाळी उडणारी फुलपाखरे आहेत आणि आपल्या वेलीवर ती आली असतील तर शहरातल्या एका अंगणासाठी ती मोठी मिळकत आहे. निरोगी वेल दहा-वीस पाने सहज सोसते. अळीचे एक छायाचित्र जरूर टाकावे, म्हणजे जात ठरवता येईल का ते पाहू.

भोगावतीकाठ | 7 ऑगस्ट 2023

आमच्या बांधावरच्या वेलीची पाने दरवर्षी अशीच खाल्ली जातात आणि दरवर्षी ती पुन्हा पालवते. काळजी करू नये.

सागरमाळ_गच्ची | 3 मार्च 2024

ताई, आपल्या वेलीला यंदा मोहोर आला का?

रंकाळाकाठ | 3 मार्च 2024

नाही आला. वेल कमानीच्या माथ्यावर पोहोचली आहे आणि पाने भरपूर आहेत. घरातले सगळे विचारतात. मी कात्री कपाटात कुलूपबंद करून ठेवली आहे. दिवाळीत कामाला आलेल्या माणसाने वेल “सरळ करून देतो” म्हटले तेव्हा मी त्याला हातही लावू दिला नाही.

रोपमळा | 4 मार्च 2024

दुसऱ्या वर्षी फूल न येणे स्वाभाविक आहे. नोव्हेंबरपासून पाणी थोडे कमी करून पाहावे, म्हणजे वाढ थांबून टोके पिकतील. माती पूर्ण कोरडी पडू देऊ नये, आठवड्यातून एकदा पुरे. डिसेंबरमध्ये टोके हिरवी व लवचीक न राहता करड्या रंगाची झाली तर फेब्रुवारीत कळ्यांची आशा धरावी.

रंकाळाकाठ | 23 फेब्रुवारी 2025

आज सकाळी कमानीच्या पूर्वेकडील टोकाला पहिला घोस उमलला. अकरा कळ्या आहेत, तीन उघडल्या आहेत. कळी उमलण्याआधी गोल, गुलाबी आणि मोत्याएवढी असते, तिच्या पाठीवर ती हिरवी ग्रंथी आधीच फुगलेली असते, आणि मुंग्यांना ती आमच्या आधी सापडली होती. तीन फुलांपैकी दोन उजवी आहेत, एक डावे. वास अजून अंगणापुरताच आहे. मामी आज मुद्दाम बसने आल्या होत्या. त्या कमानीखाली बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वास आपल्या बांधावरचाच आहे गं.”

टोके डिसेंबरमध्ये खरोखरच करडी झाली होती, रोपमळा यांचे मनापासून आभार. फाटकावरची मधुमालती तशीच ठेवली आहे, फक्त तिच्यावर आता तिच्या खऱ्या नावाची पाटी लावली आहे.

बियांपासूनच्या बारा रोपांपैकी नऊ जगली आहेत. ती आता कमरेएवढी उंच आहेत, मोठ्या पिशव्यांत आहेत, आणि जूनमध्ये जमिनीत जायला हवीत. मला एवढी जागा नाही. ज्यांच्याकडे निचऱ्याची जमीन आणि भक्कम आधार आहे त्यांनी इथेच कळवावे. पाच रोपे भोगावतीकाठ यांच्या बांधासाठी राखून ठेवली आहेत, म्हणजे चार शिल्लक आहेत.

पन्हाळगड_पायवाट | 23 फेब्रुवारी 2025

हार्दिक अभिनंदन. एक रोप माझ्यासाठी ठेवावे. घराच्या मागे जांभ्याचा उतार आहे आणि एक जुने, मजबूत आंब्याचे झाड आहे. खड्डा मेमध्येच काढून ठेवतो.

वनस्पती_गुरुजी | 24 फेब्रुवारी 2025

ताई, फार आनंद झाला. आंब्याच्या झाडावर चढवायची असेल तर रोप खोडाला चिकटून लावू नये, फांद्यांच्या घेराच्या कडेला लावून दोरीने वर न्यावे, म्हणजे मुळांना ऊन आणि पाऊस दोन्ही मिळतील. आणि रंकाळाकाठ ताई, एप्रिलच्या शेवटी फळे पिकली की ती टणक आहेत का पोकळ, एवढे मोजून इथे जरूर लिहावे. अंगणात तुमची एकच वेल आहे आणि शेजारी काकूंकडे त्याच मूळ वेलीचे दुसरे कलम आहे, त्यामुळे बी किती भरते हे पाहण्याची मला उत्सुकता आहे.

रंकाळाकाठ | 24 फेब्रुवारी 2025

नक्की मोजते, गुरुजी. काकूंच्या वेलीलाही कालच दोन घोस दिसले आहेत, दोन्ही झाडांची फळे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवीन.